फोनवरचं स्वयंपाकघर

फोन उचलला जातो तेव्हा माणसाच्या आधी घर बोलतं. कुकरची शिट्टी, गोठ्यातलं हंबरणं, "अहो, मॅडमचा फोन!" अशी हाक. कॅन्सरच्या रुग्णांना आहाराचा सल्ला देणं हे माझं काम. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, त्याच दिवसांत फोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याची सरकारी नियमावलीही आली, आणि हे काम परळच्या रुग्णालयातल्या बाकड्यांवरून उठून गावोगावच्या ओट्यांपर्यंत गेलं. बरंच झालं. केमोनं गळालेल्या माणसानं 'काय खाऊ?' एवढं विचारायला रात्रभर एसटीत बसून यावं, हे मला कधीच पटलं नव्हतं.

फोनवर माणूस दिसत नाही, आणि व्हिडिओवर दिसतो तो कपाळापासून वरचा. मग मी विचारते, बांगड्या कुठवर चढतात? पट्ट्याला नवं भोक पाडलं का? एक आजोबा रेशन दुकानातल्या काट्यावर उभे राहत आणि आकडा सांगताना दुकानदारालाच साक्षीला घेत. सहा महिन्यांत, न ठरवता, ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं की आमचे कान टवकारतात. साठ किलोच्या माणसाचे ते जेमतेम तीन किलो. घरच्यांना वाटतं, दगदगीनं उतरले असतील.

हे वजन उपाशी माणसासारखं उतरत नाही. गाठीमुळे शरीरात दाह धुमसत राहतो, त्यात स्नायू झिजतात आणि भुकेची जाणीवच मंदावते. वर केमोनं तोंडाला लोखंडासारखी चव. त्यामुळे कितीही कोंबलं तरी नुसत्या खाण्यानं ती झीज पुरती भरून येत नाही. हे मी रुग्णापेक्षा त्याच्या बायकोला, आईला, सुनेला सावकाश सांगते. कारण तोवर ताटावरून घरात धुसफूस सुरू झालेली असते. "एवढं राबून करते, नि हे दोन घासांत ताट सारतात." ताट सारणारा मागे गप्प. त्याला वाटतं आपण हिचा अपमान केला. तिला वाटतं आपला हात कमी पडला. म्हणून माझी पहिली सूचना पदार्थाची नसतेच. ताट नको, बशी ठेवा, दर दोन तासांनी. आणि समोर बसून घास मोजू नका.

किलोमागे रोज २५ ते ३० किलोकॅलरी, १ ते दीड ग्रॅम प्रथिनं, हा हिशेब माझ्या वहीत. बोलायचं ते वाटी-चमच्यांत. मेतकूट-भातावर तूप सढळ. नाचणीची खीर दुधात. लापशीत शेंगदाण्याचा बारीक कूट. चालत असेल तर अंडं. तोंड आलं असेल तर मिरची-आंबट बंद, सगळं गार किंवा कोमट. लोखंडाची चव येत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला, लाकडी घ्या.

आणि साखर! 'साखरेनं गाठ पोसते' हा निरोप माझ्या आधी प्रत्येक घरात पोचलेला असतो. मग गूळ बंद, केळं बंद, कुठे तर दूधही बंद. मधुमेह नसलेल्या, आधीच वाळलेल्या माणसाच्या तोंडचा गोड घास असा काढून घेतला की मला राग येतो. तो आवाजात उतरू नये म्हणून मी थोडं थांबून बोलते.

फोनला मर्यादा आहेत. खाताना ठसका लागतोय, पाणीही पोटात ठरत नाही, असं ऐकलं की सल्ला संपतो. गाडी काढा आणि दवाखाना गाठा.

मिश्रीनं तोंड गेलेल्या एका सासूबाईंना नाकातल्या नळीतून पेज द्यावी लागे. सून त्या पेजेला जिऱ्याची फोडणी देई. चव नाही तर नाही, निदान वास तरी यावा! नळी तुंबेल म्हणून मी आधी नको म्हणणार होते. मग म्हटलं, द्या, फक्त गाळून घ्या. चमचाभर तेलाचे उष्मांक पोटात गेले, ते वेगळेच.