कल्याण बंदर, वय दोन हजार

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या माणसाचं कल्याणशी नातं फलाटापुरतं. फास्ट पकडायला उतरायचं, पूल चढायचा, गर्दीच्या नावानं बोटं मोडायची आणि पुढे निघायचं. स्टेशनाच्या पश्चिमेला, शेअर रिक्षाच्या अंतरावर, दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी उत्तर कोकणातलं एक म्हातारं बंदर बसून आहे, याची बहुतेकांना दादही नसते. त्यालाही त्याचं काही वाटत नसावं. पाठ फिरवून जाणारे उतारू त्यानं उदंड पाहिलेत.

हे बंदर मुळात बेरकी. उघड्या किनाऱ्यावर न बसता उल्हास नदीच्या काठाकाठानं ते पार आत येऊन बसलं. इथे समुद्राचा मार नाही, पण भरतीचं पाणी मात्र हक्कानं पोचतं. त्या पाण्यावर गलबत वर यायचं, ओहोटीबरोबर उतरायचं. पाठीशी सह्याद्रीचे घाट. जुन्नरकडून नाणेघाट उतरलेलं ओझं बैलाच्या पाठीवरून निघायचं आणि नावेत चढायचं. जागा निवडावी तर अशी!

स्वतःबद्दल ते कधी बोललं नाही. परक्यांनीच लिहून ठेवलं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-वहीत त्याचं नाव आहे आणि त्याची फजितीही. सत्ता बदलली, तेव्हा चुकून इथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेली जात, असं तो खलाशी सांगतो. पेठ दुसऱ्यानं पळवायची ही रीत तेव्हापासूनची. पण बंदर उठलं नाही. कल्याणच्या एका सोनारानं कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याचं टाकं दान दिलं, त्याचा लेख आजही तिथे आहे. सहाव्या शतकात कॉसमस नावाचा प्रवासी इथली पितळ, लाकूड आणि कापडाची निर्गत नोंदवतो. इराणातून नेमलेला ख्रिस्ती बिशप इथे राहतो, हेही. इतक्या जातीजमातींची ऊठबस सांभाळलेलं हे घर आहे. 1657 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, दुर्गाडी उभा राहिला आणि याच खाडीत स्वराज्याची जहाजं बांधायला सुरुवात झाली. म्हातारपणी एवढा मान किती बंदरांच्या वाट्याला येतो?

याच गावात 1865 साली जन्मलेली यमुना जोशी, म्हणजे आपल्या आनंदीबाई, डॉक्टर व्हायला 1883 मध्ये अमेरिकेला निघाली, ती कलकत्त्याहून. घरचं बंदर तोवर थकलं होतं.

1854 मध्ये आगगाडी इथे पोचली आणि बंदर संपलं, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. गलबतं गेली, खरं. पण बोरघाट आणि थळघाटाच्या वाटा जिथे फुटतात, नेमक्या तिथेच इंजिनियरांनी जंक्शन थाटलं. जागेची अक्कल म्हाताऱ्याचीच. एका वाहनातून उतरायचं, दुसऱ्यात चढायचं, हा इथला दोन हजार वर्षांचा धंदा आपण रोज सकाळी सहा नंबरवर धक्के खात चालवतोच आहोत.

आणि आपण काही त्याला परके नाही. अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर बांधणारे शिलाहार उत्तर कोकणातल्या याच बंदरांचे धनी. मंदिराला लागून वाहणारी वालधुनी उल्हासनगरातून कल्याणच्या खाडीतच येते. फाळणीनंतर कराचीहून बोटीनं मुंबईला उतरलेले सिंधी कुटुंबकबिले कल्याणच्या लष्करी छावणीत आले. 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पिढीजात व्यापारी, तेही एका बंदराकडून दुसऱ्या बंदराच्या दारात! म्हाताऱ्याला बरं वाटलं असेल.

आपण त्याला काय दिलं? वालधुनीतून कारखान्यांचं रंगीत पाणी, नाल्यांचा गाळ, प्लास्टिक. वर उल्हासवर उन्हाळ्यात जलपर्णीची हिरवी सतरंजी. तरी काठावर तिवरं तग धरून आहेत, बगळे आणि खंड्या आहेत, चिखलात निवट्या उड्या मारतो. निसर्गाच्या नावानं माथेरानला पळणाऱ्यांनी एकदा हेही पाहावं. दुर्गाडीचा गड फार मोठा नाही, देवीचं दर्शन घेऊन बुरुजाशी उभं राहिलं की खाडीचं वळण आणि पलीकडे भिवंडीची बाजू दिसते. एवढं पाहायला अर्धा दिवस पुरतो.

फक्त ओहोटीला जाऊ नका, चिखल आणि वास एवढंच पदरात पडेल. पुनवेला किंवा अवसेला मुंबईत दुपारी बाराच्या आसपास भरती असते; खाडी चढून कल्याणला यायला तिला आणखी वेळ लागतो. त्या बेतानं लोकल धरा आणि कल्याणला उतरल्यावर, या खेपेला, पश्चिमेला बाहेर पडा.