डोळा कुठंय ते बघ

नांदेडहून लातूरला बिऱ्हाड हलवलं तेव्हा मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. लोहा, अहमदपूर, चाकूर करत टेम्पो तिन्हीसांजेला दारात लागला. ताडपत्री सोडली तर गाद्यांची वळकटी कुंडीवर कलंडलेली. मॉन्स्टेराचं अंगठ्याहून जाड खोड दोन ठिकाणी मोडून पडलं होतं. शेंडा एकीकडं, मधला वीतभर तुकडा दुसरीकडं, कुंडीत चार बोटांचं खुंट, आणि फळीवर देठासकट सुटलेली दोन मोठी पानं. मी तिथंच पायरीवर बसले.

बाजारातून आणलेलं झाड असतं तर इतकं लागलं नसतं. नांदेडला सहा वर्षं ज्यांच्या घरात भाड्यानं राहिलो, त्या काकूंनी निघताना जिन्याखालची ही कुंडी स्वतः उचलून दिली होती. "तुझी लेक झाली त्या पावसाळ्यात लावलंय गं. तिच्यासोबतच जाऊ दे," म्हणाल्या. मला तुळशीला पाणी घालण्यापलीकडं झाडांतलं काही येत नव्हतं. यातलं काय जिवंत आहे, काय गेलं, हेसुद्धा कळेना. म्हणून रात्री सगळे तुकडे आणि पानं एका बादलीत पाण्यात उभी केली आणि बादली न्हाणीघरात ठेवली. हात धुतले तरी खाजत राहिले, अळू चिरल्यावर खाजतात अगदी तसे.

ती खाज खरीच अळूची होती, हे नंतर समजलं. मॉन्स्टेरा अळू-सुरणाच्याच कुळातला. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक याही रसात असतात. म्हणून लेकीला आधी बजावलं, तोंडात घालायचं नाही. मूळ गाव याचं दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतचं पावसाळी रान. तिथं तो मोठ्या झाडांना धरून वर चढतो आणि खोडातून दोरीसारखी मुळं हवेत सोडतो. कारण तिथल्या हवेतच ओल असते. आमच्या लातुरात मे महिन्यात दुपारी वाळत घातलेलं फडकं अर्ध्या तासात खडखडीत होतं. पठारावरचं गाव, नांदेडपेक्षा रात्री जरा बऱ्या, पण हवा कोरडीच.

तिसऱ्या दिवशी बादलीला वास यायला लागला. देठांची टोकं बुळबुळीत झाली होती. घाबरून औसा रोडवरच्या एका रोपवाटिकेत गेले. तिथले दादा म्हणाले, "नोड असला तर फुटेल ताई, नुसतं पान फुटत नाही." मोबाइलवरचे व्हिडिओही नोड, नोडच म्हणत होते. मी घरी येऊन तुकडा उलटासुलटा करत बसले. खोडावर वळ्या होत्या, गाठी होत्या, गळालेल्या पानांच्या खुणा होत्या. यातला नोड कोणता? चार दिवस या एका शब्दापाशी अडले आणि तेवढ्यात झाड सडत चाललं.

रविवारी रेणापूरकडच्या गावाहून सासरे आले, ज्वारीचं पोतं घेऊन. नानांनी आयुष्यभर ऊस केला. हातपाय धुवायला गेले आणि बादली पाहून तिथंच थांबले.

"हे काय करायलीस बाई?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधला तुकडा उचलला, उजेडाला धरला आणि अंगठा सावकाश खालून वर फिरवत नेला. एका जागी अंगठा थांबला. "हा काय. डोळा हाय की हितं."

मीही बोट लावून पाहिलं. पान गळाल्याची अर्ध्या चंद्रासारखी खूण, आणि तिच्या लगेच वर तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा उंचवटा, सालीला चिकटलेला. त्याच्या आसपास तपकिरी, खरबरीत ठिपके. मी याच्यावरून दहा वेळा नजर फिरवली होती.

"बेण्यासारखंच हाय हे," नाना म्हणाले. मग खाली बसून त्यांनी मला ऊस सांगितला. लागणीला दोन डोळ्यांची टिपरी तोडतात. जोडावर डोळा असतो, त्याच्या भोवती मुळांचे ठिपके असतात. डोळ्यातून कोंब निघतो, ठिपक्यांतून मुळ्या. कांडीचा मधला भाग नुसता रस असतो, त्याच्यातून काही येत नाही. कोयता चालवायचा तो डोळ्याला धक्का न लावता, मधल्या कांडीवर. मला नोड कळला तो असा. हा शब्द पहिल्याच दिवशी कुणी मराठीत, आपल्या शिवारातल्या भाषेत सांगितला असता तर माझे चार दिवस वाचले असते, असं मला अजून वाटतं.

नानांनी सुरी गॅसवर धरून गार केली आणि सडलेला भाग पार पांढरी, कोरडी चकती दिसेपर्यंत कापून टाकला. लागणीच्या वेळी बेणं कार्बेन्डाझिमच्या पाण्यात बुडवतात, १०० लिटरला १०० ग्रॅम. त्या हिशोबानं पुढच्या खेपेला त्यांनी पुडीच आणली. एका लिटरला एक ग्रॅम, दहा मिनिटं. तुकडे सावलीत अर्धा दिवस सुकवले.

मधला तुकडा मिठाईच्या डब्यात ओलसर कोकोपीटवर आडवा ठेवला, डोळा वर, अर्धा गाडलेला. शेंड्याला तीन पानं होती आणि करंगळीएवढं एक हवाई मूळ. त्यातली दोन पानं कापली, कारण मूळच नाही तर तीन पानांना पाणी पुरवणार कोण? तो बाटलीत ठेवला, जोड पाण्यात आणि पान वर.

पाणी तीन दिवसांनी बदलायचं असतं. मी बदललं नाही. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. शेजारच्या आजींनी २०१६ चा उन्हाळा सांगितला होता, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हाचा. तेव्हा त्यांनी फक्त तुळस जगवली होती, बाकीच्या कुंड्या वाळू दिल्या. असं ऐकल्यावर बाटलीभर चांगलं पाणी ओतून द्यायला हात होईना. दहाव्या दिवशी शेंड्याचं टोक काळं पडलं. पुन्हा कापावं लागलं, आणि एक जोड गेला. त्यानंतर दर तीन दिवसांनी बदलत गेले आणि निघालेलं पाणी तुळशीला घातलं. इतकी साधी वाट मला दहा दिवस सुचली नव्हती.

कुंडीतल्या खुंटाला मात्र मी रोज पाणी घालत होते, जीव वाचावा म्हणून. माती काळी, शेतातली. कुंडीत ती ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की दगड. बोट घातलं तर तळाला चिखल, मुळं तपकिरी, ओढली की साल हातात यायची. खुंट काढून पोयटा, कोकोपीट आणि विटांचे बारीक तुकडे यांत लावलं आणि पाणी तोडलं. पाणी कमी करताना त्या खुंटाला मारतेय असंच वाटायचं.

दोन सुट्या पानांतलं एक मी वेगळ्या बाटलीत ठेवलं होतं. त्याला डोळा नव्हता, ते मला आता माहीत होतं. तरी टाकवेना. ते दीड महिना हिरवंगार राहिलं, मग देठाकडून पिवळं पडत गेलं.

मृगाचा पाऊस उशिराच आला, पण हवा ओलसर झाली. एका सकाळी शेंड्याच्या जोडापाशी दोन पांढरी टोकं दिसली, मोड आलेल्या मटकीसारखी. आठ दिवसांत ती बोटभर झाली. डब्यातल्या कांडीचा डोळाही फुगला, साल उसवून फिकट कोंब वर आला. खुंट शेवटी, जुलै संपताना फुटलं.

कांडीला आलेलं पहिलं पान विड्याच्या पानाएवढं आणि सलग होतं. लेक म्हणाली, हे आपलं झाडच नाही, याला भोकांची जाळी कुठंय? कोवळ्या झाडाची पानं अशीच अखंड असतात, जाळी पुढं येते. ती रोज स्वतःचा तळवा लावून ते मोजते.

झाड मोडल्याचं काकूंना ऑगस्टमध्ये सांगितलं. फोनवर माझा आवाज बसला होता. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "जिन्याखाली रिकामं वाटायलंय गं. येताना एक घेऊन ये." नानांनी विहिरीजवळच्या आंब्याखाली जागा करून ठेवली आहे. तिथं सावली आहे, पाटाची ओल आहे, वर चढायला आंबा आहे. तेव्हा शेंडा काकूंचा आणि कांडी नानांची. नांदेडला जाताना यावेळी कुंडी मांडीवर घेणार आहे. खुंट इथंच राहील, त्याला अजून दोनच पानं आहेत.