मोजमापाची जागा

कच्च्या वाटांवर, ओढ्यांतून आणि खडकांवरून चालणाऱ्या ऑफ-रोड मोटरसायकलींवर तापमान, इंजिनाचे फेरे आणि अचूक अंतर दाखवणारे वेगळे मीटर अनेक चालक बसवून घेतात. या कामात कौतुक पडद्याच्या वाट्याला येत असले, तरी कसब सेन्सरच्या, म्हणजे उष्णतेचे किंवा हालचालीचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या घटकाच्या जागेत असते. कारण मीटरवरचा आकडा संपूर्ण इंजिनाचा नसून त्या एका जागेचा असतो.

द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनात कूलंट, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण, तापून रेडिएटरकडे जाते व तेथे निवून परत येते. सेन्सर जाणाऱ्या नळीत बसवला, तर इंजिनाच्या उष्णतेचा अंदाज येतो. परतीच्या नळीत बसवला, तर निवलेल्या द्रवाचा आकडा दिसून चालक उगाच निश्चिंत राहतो. जागा योग्य असूनही गळती होऊन सेन्सर उघडा पडला, की इंजिन तापत असताना आकडा उतरू शकतो. म्हणून चढावर तापमान अचानक घसरले, तर जाणता चालक आधी इंजिन बंद करतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात स्पार्क प्लगखाली बसणारा कडीसारखा सेन्सर थेट हेडच्या धातूचे तापमान टिपतो.

अंतरासाठी पुढच्या डिस्कवर चुंबक आणि त्यासमोर, काही मिलिमीटर अंतर राखून, फोर्कच्या खालच्या भागावर सेन्सर बसवतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक संकेत मिळतो आणि मीटर त्याला चाकाच्या परिघाने गुणतो. २१ इंची चाकाचा परीघ टायरसह सुमारे २,१८० मिलिमीटर भरतो. त्यात २० मिलिमीटरची चूक झाली, तर १०० किलोमीटरमागे जवळजवळ एक किलोमीटरचा फरक पडतो. रॅलीत रोडबुक, म्हणजे प्रत्येक वळणाचे अंतर नोंदवलेली मार्गपुस्तिका, पाहून वाट शोधणाऱ्याला एवढा फरक भलत्याच ओढ्यात नेऊ शकतो. यासाठी टायरवर खडूची खूण करून, चालकाला गाडीवर बसवून, चाक एक पूर्ण फेरा पुढे ढकलून जमिनीवरचे अंतर मोजावे लागते. वजनाने दबलेल्या टायरचा खरा परीघ तेव्हाच हाती येतो.

वायर ओढताना गाडी उभी असते, पण वायरला जगायचे असते ते चालत्या गाडीवर. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून आणि फोर्क पूर्ण दाबून वायर कोठे ताणली जाते, कोठे घासते, हे पाहावे लागते. ब्रेकच्या होजला धरून नेलेली वायर त्याच्याबरोबर हलत असल्याने सहसा अधिक टिकते. बॅटरीजवळ छोटा फ्यूज घातला, तर घासलेली वायर शॉर्ट झाली तरी नुकसान तेवढ्यावरच थांबते.

शेवटी तापमानाचा सेन्सर नळीत जाण्यापूर्वी उकळत्या पाण्यात धरून तपासणे इष्ट असते. सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळते, त्यामुळे तेथे १०० हा आकडा दाखवणारा सेन्सर सुमारे दोन अंश पुढे आहे, असे समजावे. हा फरक ठाऊक असेल, तर स्वस्त मीटरही उपयोगी पडतो. तो ठाऊक नसेल, तर महागड्या मीटरचा आकडाही नुसता अंदाजच ठरतो.