लाल साजाबद्दलचं माझं मत

घोडा यात्रेत दाखवायला न्यायचा तर साज लालभडकच हवा, असं मी तीर्थपुरीत कितीतरी जणांना ठासून सांगितलं आहे. लाल गोंडे, लाल झूल, डोक्यावर उंच कलगी. आमच्याकडे घोड्याची हौस वराती बघूनच लागते, आणि वरातीत हा साज खरोखर शोभतो. रात्रीच्या उजेडात आरसे नि जर लखलखतात. माझी आवड तिथंच घडली.

मत बदललं ते माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. उघड्या माळावर, भर उन्हात, जाणकार माणूस घोडा कसा पारखतो ते मी तिथं निवांत पाहिलं. आधी कान, मग मान, मग पाय, आणि शेवटी चालवून चाल. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळलेले, टोकाला टोक भिडणारे. त्यांची ओळखच ती. आणि आपण नेमकी त्या दोन कानांमध्ये कलगी उभी करतो! पंचकल्याण घोड्याचंही तेच. चारही पाय आणि कपाळ पांढरं म्हणून तो शुभ मानतात. त्या पायांत लाल गोंडे नि कपाळावर रुंद पट्टी बांधली, की बघणाऱ्याला उरतं काय?

आता मी आधी घोडा बघतो, रंग नंतर. कुमैताचं अंग तांबूस, आयाळ, शेपूट आणि पाय काळे. लाल साज त्या तांबूसपणाशी झगडत राहतो. त्याला गडद हिरवा किंवा निळा खुलतो, आणि तेल पाजलेलं तपकिरी कातडं. अबलख मुळातच दोन रंगांचा. त्याला एकच रंग, तोही अरुंद पट्ट्यांत. नुकऱ्यावर लाल देखणा दिसतो, हे मी आजही म्हणेन. पण स्वस्तातल्या गोंड्यांचा रंग घामानं उतरतो आणि पांढऱ्या मानेवर गुलाबी ओघळ येतात, म्हणून रंग पक्का आहे का ते ओल्या फडक्यानं घासून बघावं. मुश्कीच्या काळ्या अंगावर मात्र लालाला तोड नाही.

रंगाइतकीच पट्टीची रुंदी महत्त्वाची. नाकावरची रुंद, चमकती पट्टी लांबसडक चेहरा मधेच तोडते. गळ्यातल्या जाड माळा मान आखूड दाखवतात.

लाल रंग बघून घोड्याला ऐट येते, असंही मी मानायचो. घोड्याच्या डोळ्याला निळा-पिवळा फरक कळतो. लाल आणि हिरवा त्याला वेगळे ओळखता येत नाहीत. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या अडथळ्यांवरच्या खुणा नारिंगी होत्या, त्या घोड्यांना नीट दिसाव्यात म्हणून 2022 पासून पांढऱ्या करायला घेतल्या. म्हणजे लाल रंग आपल्या हौसेचा. हौस असावी, पण तिचं ओझं घोड्याच्या रूपावर कशाला?

आमच्या काकांना हे अजून पटलेलं नाही. ‘‘अरे, असा बोडका घोडा यात्रेला नेतात का?’’ असं ते विचारतात. दृष्ट लागेल ही त्यांची खरी काळजी, आणि ती मला मोडायची नाही. यंदा आमचा कुमैत हिरव्या काठाचं खोगीर आणि पितळी कड्यांचा साधा लगाम घालून माळेगावला जाईल. काकांचा काळा गोंडा गळ्याखाली राहील. तिथं तो काहीच झाकत नाही.