पान्हा आणि सवड

आईच्या दुधाचा महिमा गाण्यात आपल्या समाजाने कधीही कसूर केलेली नाही. परंतु ते दूध अर्भकाच्या मुखापर्यंत पोहोचावे यासाठी आईला जो वेळ, जी विश्रांती, जे अन्न आणि जी सोबत लागते, त्यांची तजवीज कोणी करावयाची, हा प्रश्न मात्र आपण बहुधा त्या आईवरच सोपवून मोकळे झालो आहोत. प्रथम मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात आणि पुढे मराठवाड्यात बालरोगचिकित्सा करताना माझे आयुष्य नवजात अर्भके आणि त्यांच्या माता यांच्या सहवासात गेले; त्या सहवासातून जे एक मत माझ्या ठिकाणी दृढ झाले ते असे की, स्तनपान हे जितके शरीराचे कार्य आहे तितकेच ते घराच्या, गावाच्या आणि राज्याच्या अर्थव्यवहाराचेही कार्य आहे. ‘बाई, दूध पुरत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांच्या देहात दूध निर्माण करण्याची शक्ती पुरेशी असते. त्यांच्यापाशी नसते ती सवड.

अर्भक स्तन चोखू लागले म्हणजे मातेच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही दोन संप्रेरके रक्तात उतरतात. पहिल्याच्या योगाने दूध तयार होते आणि दुसऱ्याच्या योगाने ते बाहेर लोटले जाते. स्तन जितक्या वेळा रिते होतील तितके दूध अधिक, आणि ते भरलेले राहू लागले की निर्मिती मंदावते. शिवाय भय, वेदना आणि चिंता यांनी पान्हा अडतो. तेव्हा जी स्त्री सकाळी घर सोडते आणि दिवे लागल्यावर परतते, तिचे दूध आटत गेले तर तिच्या देहाने आपला नियम काटेकोरपणे पाळला एवढाच त्याचा अर्थ. पूर्णपणे अंगावर पिणारे मूल दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध घेते, आणि ते निर्माण करण्यासाठी आईला रोज 500 ते 600 उष्मांक अधिक लागतात. अर्धपोटी आईलाही बहुधा दूध येते, ही निसर्गाची मुलावरची कृपा खरी. परंतु आहारातून जे मिळत नाही ते तिच्या हाडामांसातून वसूल होते, आणि पाठोपाठच्या दोन-तीन बाळंतपणांनंतर ती वसुली तिच्या चेहऱ्यावर वाचता येते.

आपल्या पूर्वजांनी या गोष्टीचा काही एक विचार केलेला होता. पहिलटकरणीने बाळंतपणासाठी माहेरी जाणे, सव्वा महिना तिने घरकामाला हात न लावणे, अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, रात्री उठून मूल तिच्या कुशीत देणारी आई किंवा आजी, ही सारी व्यवस्था म्हणजे एका श्रमणाऱ्या स्त्रीला काही काळ श्रमातून मुक्त करण्याची आणि तो भार दुसऱ्या घराने उचलण्याची सामाजिक तरतूद होती. ज्या माहेरी कणगीत धान्य होते तेथेच ती सुखाने पार पडे, आणि ज्या घरची आईच मजुरीला जात असे त्या घरची लेक बाराव्या-पंधराव्या दिवशी पुन्हा पाण्याला आणि सरपणाला लागे, हेही तितकेच खरे. त्या व्यवस्थेत अहितकारक चालीही मिसळल्या होत्या: पहिले पिवळसर, घट्ट चिकाचे दूध रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असूनही ‘जड’ म्हणून पिळून टाकणे, त्याऐवजी मध चाटवणे, पुढे गुटी उगाळणे, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात ‘लेकराचा घसा सुकतो’ म्हणून पाणी पाजणे. पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून बाळाला पाण्याचा थेंबही लागत नाही, कारण त्या दुधाचा बहुतांश पाणीच असते. आणि वर्षाआतील मुलाला मध देणे तर घातक ठरू शकते. तथापि या चाली मोडण्यासाठी ज्यांनी आजीला अज्ञानी ठरवून खोलीबाहेर काढले, त्यांनी चालींबरोबर ती सोबतही घालवली. बाळाला काय पाजावे याचा निर्णय आमच्या कुटुंबांत वीस-बावीस वर्षांच्या आईकडे क्वचितच असतो. तो आजीकडे किंवा सासूकडे असतो, आणि म्हणून समजुतीच्या चार गोष्टी प्रथम तिच्याशीच बोलाव्या लागतात. नातवाच्या हिताची गोष्ट तिला पटली की तिच्याइतकी खंबीर पाठराखीण आईला दुसरी मिळत नाही.

आता बाळंतपण घरातून दवाखान्यात आले, आणि ते आले हे इष्टच झाले. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे या बाबतीत विचार करावयास लावणारे आहेत. 2015-16 मध्ये महाराष्ट्रातील 90.3 टक्के प्रसूती संस्थांमध्ये होत होत्या, त्या 2019-21 पर्यंत 94.7 टक्क्यांवर गेल्या. मात्र जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या मुलांचे प्रमाण त्याच अवधीत 57.5 वरून 53.2 टक्क्यांपर्यंत उतरले. शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती याच काळात 20.1 वरून 25.4 टक्के झाल्या, आणि या घसरणीचे एक कारण मला तेथे दिसते. टाके घातलेली आई एका दालनात आणि मूल दुसऱ्या दालनात, परिचारिकांची संख्या तोकडी, आणि कण्हणाऱ्या आईला कुशीवर वळवून मूल छातीशी लावून देण्यास कोणाचा हात मोकळा नाही, अशा स्थितीत पहिला तास निघून जातो आणि वाटीचमच्याने वरचे दूध सुरू होते. उलट, पहिल्या सहा महिन्यांत केवळ आईच्या दुधावर असलेल्या मुलांचे राज्यातील प्रमाण 56.6 वरून 71 टक्क्यांवर चढले. आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडीताई यांनी दारोदार जाऊन केलेल्या कामाचा यात मोठा वाटा आहे, असे मी मानते. जेथे कोणीतरी आईच्या शेजारी येऊन बसते तेथे स्तनपान टिकते, हाच या दोन्ही आकड्यांचा बोध.

शहरातील कष्टकरी स्त्रीच्या वाट्याला ही सोबत कधीच फारशी आली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया आपल्या तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देऊन, ती निजली की कामावर जात; 1922 च्या सुमारास सरकारने नेमलेल्या एका स्त्री-डॉक्टरांनी गिरणगावातील या मातांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सर्वच मुलांना अफू दिली जात असल्याचे त्यांना आढळले. पाळणाघर नाही, घरी कोणी नाही, आणि गैरहजर राहिल्यास रोजगार जातो, अशा कोंडीत सापडलेल्या आईने मुलाच्या भुकेलाच झोपवण्याचा तो उपाय होता. या परिस्थितीच्या पार्श्वभूमीवर 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिविषयक विधेयक आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. मातेला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे ही राष्ट्रहिताची बाब आहे, आणि म्हणून तिचा बराचसा भार सरकारने सोसावा, असे प्रतिपादन त्यांनी केले. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात हा कायदा झाला, आणि त्या प्रकारचा तो हिंदुस्थानातील पहिला कायदा होता.

बाबासाहेबांच्या त्या प्रतिपादनाचा उत्तरार्ध आपण पुरेशा गांभीर्याने घेतला नाही, असे मला वाटते. 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्याने बारा आठवड्यांची भरपगारी रजा दिली, आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात दोनदा पाजण्याची सुटी दिली; 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांपुरती ती रजा सव्वीस आठवड्यांची केली, आणि पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने, आणि निव्वळ स्तनपानाची शिफारसही सहा महिन्यांचीच. दोहोंचा मेळ घालण्यात सुज्ञता होती. परंतु कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेबाहेरील नोकरदार स्त्रीच्या या रजेचा खर्च मालकावर एकट्यावर पडतो, त्यामुळे लहान आस्थापना तरुण विवाहितेला नोकरीवर घेतानाच कां-कूं करू लागतात. आणि सर्वांत मोठी उणीव ही की, ज्या स्त्रीला मालकच एक नाही, जी चार घरची धुणीभांडी करते, बांधकामावर पाट्या वाहते किंवा घरी बसून नगावर शिवण करते, तिच्यापर्यंत यातील एकही कलम पोहोचत नाही.

याचे सर्वांत कठोर रूप मी ऊसतोडीच्या फडात पाहिले. दसरा-दिवाळी आटोपली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडावयाची असते. अंधार असतानाच तोड सुरू होते. तान्हे मूल फडाच्या कडेला पाचटावर किंवा झोळीत, मोठ्या बहिणीच्या हवाली, आणि ती बहीणही शाळा सोडून आलेली सात-आठ वर्षांची पोर. अशा एका बाळंतिणीला, मूल रडताच पाजायला का बसत नाहीस, असे मी विचारले असता ती म्हणाली, “बाई, मी बसले तर मोळ्या कोन बांधील? गाडी भरली न्हाई की खाडा पडतो, अन् खाडा उचलीत चढतो.” तिच्या या दोन वाक्यांत स्तनपानाचे अर्थशास्त्र सामावलेले आहे. एकदा पाजावयास अर्धी घटका तरी लागते, आणि ती दिवसातून आठ-दहा वेळा हवी. त्या वेळेची किंमत जिच्या कर्जात मिळवली जाते, तिला चिकाच्या दुधाचे गुणधर्म सांगणारे भित्तिपत्रक काय उपयोगाचे?

जेथे आईचा वेळ हिरावला जातो तेथे दुधाच्या पावडरीचा डबा येतो, ही गोष्ट जगभर घडली आहे. बालरोगतज्ज्ञ डॉ. सिसिली विल्यम्स यांनी 1939 मध्ये सिंगापूर येथे भाषण करून, कृत्रिम दुधाच्या प्रचारामुळे होणाऱ्या बालमृत्यूंना निर्भीडपणे हत्या म्हटले. दरिद्री घरात पावडर पुरवून वापरण्यासाठी पातळ केली जाते, पाणी उकळावयास इंधन नसते, बाटलीचे बूच धुतले न धुतले होते. मग अतिसार, आणि अतिसारामागून कुपोषण. 1981 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने या मालाच्या विक्रीप्रचाराला आळा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. 118 राष्ट्रांनी तिच्या बाजूने मत दिले आणि विरोधात एकटी अमेरिका उभी राहिली. भारताने 1992 मध्ये कायदा करून अर्भकांच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात, मोफत नमुने आणि आरोग्यसेवकांना आमिषे देण्यास मनाई केली, आणि 2003 मध्ये तो अधिक कडक केला. ज्यांच्या चळवळीने या कायद्याला बळ दिले त्यांतील ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था 1991 मध्ये वर्धा येथे स्थापन झाली, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटावा. तसेच, 1989 मध्ये मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली; धारावीच्या उंबऱ्यावरील त्या रुग्णालयात गरीब मातांनी दुसऱ्यांच्या अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी दिलेले दूध हे दातृत्वाचे अत्यंत निर्मळ उदाहरण आहे.

हिरकणीची आख्यायिका मराठी घराघरांत सांगितली जाते. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल होते, म्हणून ती गवळण रायगडाचा कडा उतरून गेली. तिच्या नावाने बुरूज आहे, आणि अलीकडे एस.टी.च्या स्थानकांवर पाजणाऱ्या मातांसाठी हिरकणी कक्षही आहेत. हे कक्ष उपयुक्त आहेत आणि ते स्वच्छ व उघडे राहावेत यासाठी प्रत्येक प्रवाशाने आग्रह धरावा. परंतु या कथेत मला धैर्याइतकाच त्या बंद दरवाजाचाही विचार करावासा वाटतो. रोज हजारो स्त्रियांना कडा उतरावयास लावून मग त्यांच्या धैर्याचे पोवाडे गाणे शहाण्या समाजाला शोभत नाही. मूल घरी असलेल्या आईसाठी दरवाजा उघडा ठेवण्याची रीत त्याने घालून दिली पाहिजे.

ती रीत कोणती, हे सांगणे अवघड नाही. प्रसूतीच्या रजेचा खर्च मालकाकडून काढून सार्वजनिक निधीवर टाकावा, आणि तो लाभ नोकरदार स्त्रीइतकाच मजूर स्त्रीलाही मिळावा. पंतप्रधान मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलासाठी मिळणारे 5,000 रुपये हा चांगला आरंभ आहे, पण सहा महिन्यांची बुडालेली मजुरी त्यातून भरून निघत नाही. ऊसतोडीच्या करारात बाळंतिणीचा खाडा माफ असावा आणि प्रत्येक तळावर पाळणाघर असावे. प्रसूतिगृहांत पहिल्या तासाची जबाबदारी एका ठरावीक परिचारिकेवर नावानिशी सोपवावी, आणि शस्त्रक्रियेनंतरही मूल आईपाशीच राहील अशी रचना करावी.

आणि एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावयास नको. हा लेख वाचणाऱ्या अनेक घरांत धुण्याभांड्याला किंवा स्वयंपाकाला बाई येते. ती बाळंत झाली की आपण दुसरी बाई पाहतो, आणि तिचे काम जाऊ नये म्हणून ती महिनाभरात परत उभी राहते. तिला सहा महिने कामाची शाश्वती आणि त्या काळात पगार द्यावयाचा, चार घरांनी मिळून तो भार वाटून घ्यावयाचा, हे मध्यमवर्गाच्या ऐपतीबाहेरचे नाही. आपल्या सुनेसाठी आणि लेकीसाठी जी सवड आपण हक्काची मानतो, तीच आपल्या घरी राबणाऱ्या स्त्रीच्या मुलाचीही हक्काची आहे. तो हक्क प्रथम आपल्या घरच्या हिशेबात मांडला, तरच सरकारच्या हिशेबात तो मांडण्याची मागणी आपण ताठ मानेने करू शकू.