वही, पाट आणि तक्ता

आमचें घर रोह्यास व आजोळ पेणेस. तेथें मामांचा गणपतींचा कारखाना आहे. गेल्या वर्षीं मे महिन्याच्या सुट्टींत मागण्यांची वही संगणकावर उतरविण्याचें काम मीं हौसेनें अंगावर घेतलें. १९९२ सालीं प्रथम निघालेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्यें एक तक्ता आंखला : नांव, गांव, उंची, रंग, विसार. एका ओळींत एक मागणी. गांवाची चाळणी लावावी, कीं रोह्याच्या साऱ्या मागण्या क्षणांत एकत्र ! मला वही तुच्छ वाटूं लागली.

आषाढांत एका गिऱ्हाइकानें फोनवरून एक फुटाऐवजीं दीड फुटाची मूर्ति सांगितली. मीं आडनांवावरून ओळ शोधून आंकडा बदलला. बदल चालूं असतां ओळीच्या डाव्या कडेस पेन्सिलीचें चिन्ह दिसतें. दुसऱ्या ओळीवर जातांच तें नाहीसें होतें व बदल कांहीं न विचारतां कायम होतो. लगेच ध्यानांत आलें तर तो मागें घेतां येतो. पण दुसरी ओळ सुधारूं लागलें, कीं तो मार्ग खुंटतो. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों त्या गिऱ्हाइकाच्या ओळींत एक फूटच ! काल बदल उमटला नसावा असें समजून मीं तो पुन्हा केला. वस्तुतः त्याच आडनांवाचें रोह्याचें एक घर यादींत होतें, आणि पहिला बदल त्यांच्या ओळींत झाला होता.

चतुर्थीच्या आदल्या दिवशीं रोह्याचे ते गृहस्थ मूर्ति नेण्यास आले. त्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या एका फुटाचीच मूर्ति बसते. त्यांनीं पूर्वींच पोंचविलेल्या पाटावर दीड फुटाची मूर्ति मावेना. ते कांहीं बोलले नाहींत; पण त्यांचा चेहरा पाहून माझी मान खालीं गेली. मामांनीं स्वतःच्या घरासाठीं राखलेली एक फुटाची मूर्ति उचलून त्यांच्या पाटावर ठेविली. मोठी मूर्ति त्या वर्षीं मामांच्या घरीं बसली.

रात्रीं मामांनीं वही उघडली. “अरे, मी खोडलेलें तुला वाचतां येतें ना ?” एवढेंच ते म्हणाले. खरेंच, वहींत खोडलेल्या रेघेखालीं जुना शब्द शिल्लक असतो. माझ्या तक्त्यांत नव्या आंकड्यानें जुन्याची खूणही ठेविली नव्हती.

१९७० सालीं एडगर कॉड यांनीं माहिती तक्त्यांच्या रूपानें ठेवण्याचा विचार मांडला, तेव्हांच प्रत्येक ओळ निःसंशय ओळखूं येईल अशा किल्लीचीही कल्पना सांगितली होती. आतां आमच्या प्रत्येक मागणीस स्वतंत्र क्रमांक आहे, आणि तोच पाटाच्या तळाशीं खडूनें लिहिलेला असतो. बदलांचा तक्ता वेगळा आहे; त्यांत तारीख, जुना आंकडा व नवा आंकडा नोंदतों. रोज सायंकाळीं फाइलीची प्रत काढून ठेवतों.

आणि वही ? ती अद्याप मामांच्या उशाशीं आहे. वाचकहो, तक्ता पाहणें सोपें, बदलणेंही सोपें. परंतु बदलण्यापूर्वीं पुन्हा एकदां पाहावें, हें मला त्या दीड फुटाच्या मूर्तीनें शिकविलें.