उन्हाचा हिशेब

ऊन फुकट असते. पण ते पकडायला पैसे पडतात. साताऱ्याच्या आमच्या गच्चीवर पिढ्यान्‌पिढ्या त्याने पापड आणि मिरच्या वाळवल्या, बिल कधी पाठवले नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्य घर’ योजना काढली आणि आमच्या घरात उन्हाचा भाव निघाला.

कंत्राटदाराने तीन किलोवॉटच्या संचाचे 1,80,000 रुपये सांगितले. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, मिळून सरकार 78,000 देते. पुढे कितीही पॅनेल लावा, दमडी वाढत नाही. तरी गृहस्थ पाच किलोवॉटचा आग्रह सोडीना. तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, “सरकार नऊवारीचे पैसे देतं म्हणून कुणी अठरावारी नेसत नाही!” गृहस्थ गप्प झाले.

खरी अडचण निराळीच होती. अनुदान बँकेत जमा होते ते काम पुरे झाल्यावर. तोवर सारी रक्कम आपणच उभी करायची. कर्ज मिळत होते, पण या वयात हप्ता नको, असे सौभाग्यवतींचे मत. मग म्हातारपणाची ठेव मोडायची का? दोन रात्री खल झाला. महिन्याला अडीच हजार वाचतील असे धरले, तर पैसे फिटायला अनुदानाशिवाय सहा वर्षे, अनुदानासह साडेतीन. साठी उलटलेल्या माणसाला मधल्या अडीच वर्षांचे मोल सांगावे लागत नाही. ठेव मोडली.

गणपतीला मुंबईचा धाकटा भाऊ आला. गच्ची पाहून म्हणाला, “दादा, कर मीही भरतो. मला गच्ची कुठे आहे?” मी म्हटले, “अरे, पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांसाठी सोसायटीलाही किलोवॉटमागे 18,000 मिळतात.” तो हसला. “मिळतील. आधी आमच्या सभेत एकमत होऊ दे!”

त्याचे बोलणे मनात राहिले. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईंचे विजेचे बिल लहान आणि दरही खालच्या टप्प्याचा. छप्पर स्वतःचे असते, तरी त्यांचे पैसे फिटायला आमच्याहून पुष्कळ वर्षे लागती. ज्याचे बिल मोठे, त्याची बचत मोठी, असा हा व्यवहार आहे.

अनुदान घेतले याचा मला संकोच नाही. पण पंगतीत आपल्या पानात पडलेल्या लाडवामागे पुष्कळांची वर्गणी असते, एवढे जेवणाऱ्याने ध्यानात ठेवावे.